केरबा जामीन राहिला

केरबा चौगले आमच्या घरी आला की आधी खुर्ची हलवून बघायचा, मग बसायचा. चहा पुढे केला की कपात डोकावायचा आणि मी माझ्या कपातला पहिला घोट घेतल्यावरच तोंडाला लावायचा. चपला दाराबाहेर काढून ठेवणं त्याला मान्यच नव्हतं. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो पायाशी घेऊन बसत असे.

"केरबाभाऊ, अहो इथं कोण नेतंय चपला? मी तर कधी ऐकलं नाही," मी एकदा म्हणाले.

"ऐकलं न्हाई म्हणजे जात न्हाईत असं न्हाई, वैनी."

गारगोटीच्या पुढच्या एका खेड्यातला हा माणूस पंचाहत्तर साली कतारला आला. मुंबईच्या एजंटाने शेखच्या घरची गाडी चालवायची म्हणून सांगितलं होतं. विमानतळावरून त्याला थेट एका कचेरीत नेलं, अरबीत टाइप केलेल्या कागदावर सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी हातात पाण्याच्या टँकरच्या किल्ल्या दिल्या. सही त्याची, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. बोलायला जागाच नव्हती. टँकरवर त्याने वाळवंटातल्या कॅम्पांना पाणी पोचवलं, त्यात कामापुरती अरबी शिकला, आणि सुटका झाल्यावर ड्रायव्हर म्हणून माझ्या नवऱ्याच्या, मधूच्या कंपनीत लागला. पण त्या सहीचा चटका गेला नाही. भाजीवाल्याचा काटा, दुकानदाराचं हसू, डॉक्टरची गोळी, सगळ्यात त्याला काहीतरी घोळ दिसायचा. अल वक्र्याला तो ज्या खोलीत राहायचा तिथले लोक त्याला 'सीआयडी' म्हणत. हाक मारली की तो कोणी मारली ते आधी बघायचा.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याला नवीन साहेब मिळाला. कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये कतारी मुलांना मीटर आणि व्हॉल्व्हची कामं शिकवायला अमेरिकेहून आलेला, रामिरो एस्कोबेदो. केरबाने त्याचा 'रामीसाहेब' केला आणि पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे तक्रार घेऊन आला.

"वैनी, ह्यो अमेरिकन न्हाई."

"म्हणजे?"

"अमेरिकन गोरा असतोय. ह्यो आमच्या तलाठ्यासारखा दिसतोय. काळ्याभोर मिशा, रंग आपल्यासारखा. घरात एकटाच इंग्रजी सोडून दुसरंच कायतरी बोलतोय. रेडिओ लावतोय तोबी त्याच भाषेतला. आणि पासपोर्ट अमेरिकेचा! हे कसं जमतंय?"

मधूने समजावलं की अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेवर असे लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची घरची भाषा स्पॅनिश असते. केरबाने मान हलवली. पटलेलं नाही हे दिसतच होतं. आम्ही एस्कोबेदोला एकदा जेवायला बोलावलं. मी ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून माझं थापणं बघत राहिला, मग खुणेनं परवानगी मागून एक स्वतः थापली. जाड झाली, पण फुगली. केरबा बाहेर गाडीत बसून होता. मी ताट दिलं तेव्हा त्याने विचारलं, "भाकरी थापायला याला कुणी शिकवलं?" कौतुकाने नव्हे, चौकशी केल्यासारखं.

खरा घोळ पार्सलांपासून सुरू झाला.

रामीसाहेबाला अमेरिकेतून पार्सलं यायची. महिन्याला एखादं, कधी दोन. टपाल कचेरीत बाहेरचं पार्सल उघडून बघत. आत पुस्तक किंवा कॅसेट असेल तर ती तपासायला दुसऱ्या खोलीत जाई आणि चार-सहा दिवसांनी सुटे. साहेब कामावर असायचा, त्यामुळे ती आणायला केरबा जाई. सही केरबाची! दर वेळी आत कॅसेटच. गाण्याच्या नव्हेत, साध्या, हाताने नावं लिहिलेल्या.

"या कशाच्या?" काउंटरवरच्या माणसाने एकदा विचारलं.

केरबाने पार्सल काखेत मारलं. आपण सही करतो आणि कशावर करतो ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या लक्षात आलं. गाडीत बसून त्याने काचा वर केल्या आणि एक कॅसेट लावली. आधी एक बाई बोलत होती. बोलता बोलता ती रडायला लागली. मग एकदम शेकडो लोक एका सुरात ओरडू लागले, टाळ्यांच्या ठेक्यावर, तेच तेच शब्द. मोर्च्यासारखं. केरबाने कॅसेट बंद केली.

ते दिवस तसेच होते. खाडीच्या पलीकडे इराण-इराकचं युद्ध पेटलेलं. बाजारात दोन माणसं हळू बोलायला लागली की तिसरा तिथून निघून जाई. कोणाच्या तरी सामानात भलतंच काही सापडलं आणि ते उचलणाऱ्या ड्रायव्हरलाच आधी घरी पाठवलं, अशी एक गोष्ट वक्र्याच्या खोल्यांमधून फिरत होती. तो ड्रायव्हर कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. केरबाला माहीत असायची गरज वाटली नाही.

कंपनीच्या मेसमध्ये कायतान नावाचा गोव्याचा स्वयंपाकी होता. लहानपणी पोर्तुगिजांच्या शाळेत शिकलेला. आपल्याला गुजराती जेवढं कळतं तेवढं त्याला स्पॅनिश कळेल, असं कोणीतरी केरबाला सांगितलं. दुपारची भांडी धुऊन झाल्यावर दोघं कोठीघरात टेपरेकॉर्डर घेऊन बसले. कायतान कान लावून ऐकत होता आणि एकेक वाक्य सांगत होता.

"हा म्हणतो, पोलीस सकाळी आले... कुलूप लावलं... आम्ही आत होतो."

"पुढं?"

"कागद घेऊन गेले. ट्रकमधून... थांब... काही कागद आम्ही वाचवले. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या फरशीखाली लपवले."

कायतानने स्वतःच बटण दाबून टेप थांबवली. "केरबा, ही कॅसेट तू माझ्याकडे आणली होतीस हे कोणाला बोलू नकोस हां."

त्या संध्याकाळी केरबा आमच्याकडे आला तेव्हा चपलांची पिशवीसुद्धा विसरला होता. त्याने सगळं सांगितलं. मधूने दार लावून घेतलं. मग म्हणाला, "तू यात पडू नकोस. साहेबाला सांग की पार्सल आणायला दुसऱ्याला पाठवा."

"साहेबाला सांगितलं तर त्यो म्हणंल, का? मग काय सांगू? तुमची कॅसेट चोरून ऐकली?"

त्यानंतर मधूने एस्कोबेदोला घरी बोलावलं नाही, हे खरं. ट्रेनिंग सेंटरमध्ये भेटला तर हातात हात देऊन लगेच कामाला लागायचा.

केरबाने त्याच्या परीने मार्ग काढला. पुढचं पार्सल त्याने सही करून घेतलं आणि साहेबाला दिलंच नाही. "आलं न्हाई," म्हणून सांगितलं. घरात ठेवायची भीती, फेकून द्यायचीही भीती. म्हणून ते वक्र्याच्या खोलीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे पत्र्याच्या डब्यात घालून ठेवलं. महिना जूनचा. कतारच्या जूनमध्ये दुपारी गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही.

साहेब रोज विचारायचा. केरबा रोज नाही म्हणायचा. जुलै संपत आला तेव्हा एके दिवशी साहेब स्वतः टपाल कचेरीत गेला. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, पार्सल तुमचा ड्रायव्हर कधीच घेऊन गेला.

साहेब येऊन गाडीत मागे न बसता पुढे केरबाच्या शेजारी बसला. दोघांची बोली म्हणजे मोडकं इंग्रजी, मोडकी हिंदी, मधूनच अरबी. केरबाने मला ते बोलणं नंतर इतक्यांदा सांगितलं की मला ते पाठ झालंय.

"केरबा, पार्सल कुठे आहे?"

केरबाने गाडी सुरू केली.

"विकलंस का?"

हे मात्र त्याला लागलं. "मी चोर न्हाई!" तो ओरडलाच. "चोर तुमी असाल! पोलीस, कुलूप, लपवलेले कागद, मोर्चे... हे काय हाय? सही माझी हाय साहेब. उद्या मला धरतील. तुमी जाल विमानात बसून. माझी बायकापोरं गारगोटीला हायत!"

साहेब त्याच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "तू ऐकल्यास?"

"ऐकल्या."

"चल घरी."

जुन्या विमानतळाकडच्या त्याच्या व्हिलात एक खोली कायम बंद असायची. ती साहेबाने उघडली. केरबाला वाटलं होतं आत वायरलेस असेल. आत भिंतीभर फोटो होते. पत्र्याची एक लांबलचक शेड, तिच्यापुढे उभी राहिलेली शे-दीडशे पोरंपोरी. फडताळात कॅसेट, प्रत्येकीवर एका माणसाचं नाव.

"हे माझं कॉलेज," साहेब म्हणाला. "कोलेहिओ दे ला नोरिया. नोरिया म्हणजे विहिरीचा रहाट."

मग त्याने सांगितलं. टेक्सासमधलं सीमेजवळचं छोटं गाव. सगळे कांदा आणि कोबीच्या शेतात राबणारे. शाळेत स्पॅनिश बोललं की पोरांना छडी बसायची. मोठ्या कॉलेजात यांना कोणी घेत नसे. तेव्हा गावच्या चार शिक्षकांनी भाजी भरायच्या जुन्या शेडमध्ये स्वतःचं कॉलेज काढलं. रामिरो तिथे शिकला, नंतर तिथेच गणित शिकवायला लागला. सात वर्षं ते चाललं. मग सरकारने मदत बंद केली, मान्यता काढून घेतली, आणि एका सकाळी पोलीस कुलूप लावायला आले. पोरं आत बसून राहिली. त्यांना बाहेर काढलं आणि कॉलेजची दप्तरं, सगळे कागद, ट्रकमध्ये भरून नेली. ती कुठे गेली, कोणालाच माहीत नाही.

"आता तिथे पेट्रोल पंप आहे," साहेब म्हणाला. "सरकारला विचारलं तर सांगतात, असं कॉलेज नव्हतंच. म्हणून मी सगळ्यांना सांगितलंय, जे आठवतं ते बोला, टेप करा, मला पाठवा. कोणी शिकागोला आहे, कोणी फळबागेत आहे, कोणी तुरुंगात. मी पगार घेतो, खोली मोकळी आहे. म्हणून माझ्याकडे."

केरबाने ऐकून घेतलं. फोटो जवळून बघितले. मग विचारलं, "कॅसेटवरची ती बाई का रडतीय मग? कॉलेज बंद पडलं म्हणून कोण रडतंय?"

"तिचा मुलगा तिथे शिकला. घरातला पहिला, ज्याला सही करता आली."

केरबाने मला सांगितलं, "वैनी, मला त्याबी येळला पटलं न्हाई. म्हटलं, गोष्ट चांगली रचलीया. पण फोटोत एक म्हातारी हुती, शेगडीपुढं बसल्याली. तिच्या हातात भाकरी हुती बघा. आता भाकरी कोण कशाला खोटी आणंल फोटोत?"

ती म्हातारी म्हणजे दोन्या चोले. कॉलेजात पोरांना रांधून घालायची. शेडची पहिली किल्ली तिच्याकडे असायची, प्रत्येक पोराचं नाव, गाव, आईबाप तिला तोंडपाठ. तिनेच साहेबाला भाकरी, त्यांच्याकडची मक्याची, थापायला शिकवलं होतं. तिने उन्हाळ्याच्या आधी दोन कॅसेट भरून बोलून ठेवलं होतं आणि त्या दोन्ही गच्चीवरच्या पार्सलात होत्या. ती मे महिन्यात वारली होती.

केरबा गाडी काढून वक्र्याला गेला. टाकीमागचा डबा उघडला. कॅसेटची प्लॅस्टिकं उन्हाने पापडासारखी वाकली होती, आतली फीत चाकांना चिकटली होती.

त्याने कॅसेट साहेबाच्या हातावर ठेवल्या. साहेब रागावला नाही. "रागावला असता तर बरं झालं असतं," केरबा म्हणायचा. "त्यो नुसता खुर्चीत बसला, कॅसेट मांडीवर घिऊन."

मुशैरिबच्या गल्लीत हाफिज नावाचा एक पाकिस्तानी रेडिओ दुरुस्त करायचा. केरबाचा त्याच्यावर अजिबात विश्वास नव्हता, पण दुसरा कोणी हे काम करेना. हाफिजने वाकडी खोळ कापली, फीत अलगद सोडवून नव्या खोळीत भरली. तो काम करत होता तेवढा वेळ केरबा त्याच्या समोर स्टुलावर बसून राहिला, डोळा लवू दिला नाही. एक कॅसेट जवळजवळ सगळी वाचली. दुसरीतला म्हातारीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लहरत होता, आणि शेवटी नुसती खरखर. पोरांची नावं त्या खरखरीत गेली होती.

त्यानंतर साहेब बदलला. केरबाशी नीट बोलायचा, ईदेला भेट द्यायचा, पण पार्सल आणायला स्वतः जायचा. गाडीतून उतरताना आपली बॅग सीटवर ठेवत नसे. त्या खोलीला आता बाहेरून कुलूप असे. एकदा रस्त्यात पंक्चर झालं तेव्हा केरबा डिकी उघडायला गेला, तर साहेब स्वतः उतरला, डिकीतली एक पिशवी आधी बाजूला घेतली आणि मग म्हणाला, "आता काढ."

हे केरबाने मला सांगितलं. मी म्हटलं, "अहो, तुम्हीसुद्धा तसंच करता की सगळ्यांशी."

"व्हय," तो म्हणाला. "पण माझ्याशी कुणी केलं नव्हतं."

मी त्याला चहा दिला. त्याने माझ्या घोटाची वाट पाहिली, नेहमीसारखी.

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले. कंपन्यांनी माणसं कमी केली, ट्रेनिंग सेंटरमधले अर्धे परदेशी शिक्षक परत निघाले. रामीसाहेबाचंही कंत्राट संपलं. कपडे दोन सुटकेसमध्ये मावले. कॅसेट आणि फोटो मात्र तीन खोक्यांत भरले. ते मालवाहू विमानाने जाणार होते. दुपारी अल थुमामाच्या बाजूने विमानतळाच्या मालगोदामात केरबाच ते घेऊन गेला, साहेब शेजारी.

तिथल्या अधिकाऱ्याने खोकं उघडायला लावलं. वरपासून खालपर्यंत कॅसेट. त्याने एक उचलली, नाव वाचायचा प्रयत्न केला.

"शिन्हू हाधा?" हे काय आहे?

साहेब इंग्रजीत सांगू लागला. शिक्षण, इतिहास, आठवणी. अधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. इतिहास कोणाचा? कतारचा? इथल्या कोणाच्या मुलाखती घेतल्या? साहेब जितकं समजावू लागला तितकं ते वाईट दिसू लागलं. अधिकारी म्हणाला की खोकी इथेच राहतील, सगळं ऐकून मग ठरवू. साहेबाचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. खोक्यांच्या मागे कोणी राहणार नव्हतं.

केरबा तोवर मागे उभा होता. तो पुढे झाला आणि अरबीत म्हणाला, "कुल्लिया आहे ही. कॉलेज. त्याच्या गावचं."

"कॉलेज खोक्यात?"

"बंद पडलं. लोकांनी आठवण बोलून ठेवली."

"तुला काय माहीत?"

"मी ऐकल्यात."

"भाषा कळते तुला?"

"न्हाई."

अधिकारी हसला, पण खोकं बंद केलं नाही. त्याने शेजारच्या टेबलावरचा टेपरेकॉर्डर ओढला आणि हाताला आली ती कॅसेट लावली. नशीब बघा! टाळ्या, आरोळ्या, शेकडो गळे एका ठेक्यात. कुलूप लागलं त्या दिवसाचीच कॅसेट.

"हे काय ओरडतायत?" अधिकाऱ्याने विचारलं. आता तो हसत नव्हता.

मागे न बघता केरबा म्हणाला, "परीक्षेचा निकाल लागला. पोरं पास झाली, म्हणून ओरडतायत."

अधिकाऱ्याने आणखी थोडं ऐकलं. आरोळ्या चालूच होत्या.

"सगळी पास झाली?"

"सगळी," केरबा म्हणाला.

"आणि काही निघालं तर?"

केरबाने खिशातून आपला बताका, ओळखपत्र, काढून टेबलावर ठेवला. "मी इथंच हाय. वक्र्याला राहतो. मला उचला."

अधिकाऱ्याने त्यावरचा नंबर उतरवून घेतला, कागद पुढे सरकवला. सहीसाठी. कागद अरबीतला होता, टाइप केलेला. केरबाला बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. त्याने सही केली.

"खलास. यल्ला, घेऊन जा."

बाहेर आल्यावर साहेबाने विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"खरं तेच," केरबा म्हणाला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबाला विमानतळावर सोडलं. दोघांनी हात मिळवले, आणि साहेब आत गेला. केरबाने एवढंच सांगितलं. मी खोदून विचारलं तरी जास्त काही नाही.

पुढचे महिने त्याने भीतीतच काढले. दारावर थाप पडली की गच्चीच्या जिन्याकडे जाऊन उभा राहायचा. कोणी आलं नाही. पण खोकी पोचली की नाही, तेही कळलं नाही. "वाटेत कुणीतरी फोडली असणार," तो म्हणायचा. "न्हाईतर त्यानंच विकली असतील."

अठ्ठ्याऐंशीत मधू कामासाठी ह्यूस्टनला गेला. केरबासमोर मी त्याला बजावून सांगितलं होतं, एस्कोबेदोला शोध म्हणून. परत आल्यावर तो चहा घेत सांगू लागला तेव्हा केरबा समोरच होता. फोनवर बोलणं झालं होतं. तिन्ही खोकी नीट पोचली होती. गावच्या सार्वजनिक वाचनालयाने एक खोली दिली होती. लोक येऊन ऐकत होते, आपल्या बापाचा, आईचा आवाज शोधत होते. दोन्या चोलेच्या खरखरीतली काही नावं जुन्या पोरांनी आठवून आठवून पुन्हा सांगितली होती.

"तुमी बघितली व्हय ती खोली? डोळ्यानं?" केरबाने विचारलं.

"नाही रे, त्याचं गाव ह्यूस्टनपासून लांब. फोनवरच बोललो."

"मग झालं! फोनवर कुणीबी काय सांगंल."

मधू वैतागला. "अरे, तो कशाला खोटं बोलेल? तुझी चौकशी केली त्याने. दोनदा केली."

केरबाने बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. मग उठून दारापर्यंत गेला, पिशवीतून चपला काढल्या, पायात घातल्या, आणि तिथूनच विचारलं,

"आवाज कसा हुता त्याचा? बरा हुता न्हवं?"